लांब मानेवर रेझिनचा एक हात

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपारी साडेतीन.
सर्वप्रथम नोंदवून ठेवतो की माझा हेतू चांगला होता.

जान्हवीने (वय तेरा, आमची एकुलती एक) शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी डायनासोर केला होता. लांब मानेचा, पाला खाणारा. त्याला सॉरोपॉड म्हणायचं, असं तिने मला चार वेळा बजावलंय. दोन महिने खपत होती. आज ती क्लासला, बायको श्वेता माहेरी. आईने भाजणीसाठी टेबल रिकामं करताना मॉडेल उचलून गॅलरीत उन्हात ठेवलं. मला त्याची मान जरा लेचीपेची वाटली. साकीनाक्याच्या गाळ्यात एकोणीस वर्षं फायबरचं काम करतोय मी. सिनेमाच्या सेटचे खांब, मंडळांचे हत्ती, काय नाही केलं. घरात अर्धा डबा रेझिन होतं. म्हटलं, एक हात मारू, पोरीला सरप्राइज.

मान थर्माकोलची निघाली.

रेझिन थर्माकोल खातं. आमच्या लायनीत हे पहिल्या दिवशी कळतं. पण वरून रंग होता, मला वाटलं कागदाचा लगदा असेल. कुणालाही वाटलं असतं.

दोन मिनिटांत मान बसली. मी ब्रश उचलला आणि भाजी आणायला गेलो.

रात्री नऊ.
भाजी घरात आधीच होती. आता दोन किलो भेंडी आहे.

परत आलो तेव्हा जान्हवी गॅलरीत बसून रडत होती आणि आई शेजारी उभी. आई म्हणत होती, माजी चूक झाली गो बाय, मियाच उन्हात ठेवलंय, माका काय म्हायत ह्या असा वितळात. जान्हवी आजीशी एक शब्द बोलली नाही. मी म्हणालो, यंदा ऑक्टोबर हीट जरा जास्तच आहे.

हे वाक्य खोटं नाही. उद्या सकाळी चहाच्या वेळी सगळं सांगून टाकणार.

रेझिनचा वास कुणाला आला नाही. माझ्या कपड्यांमुळे घराला तो रोजचाच आहे.

१३ ऑक्टोबर.
सकाळी घाई होती.

१५ ऑक्टोबर.
नुसतं सांगून काय उपयोग? आधी नुकसान भरून काढायचं, मग सांगायचं. म्हणजे कबुली आणि भरपाई एकत्र. प्लॅन: गाळ्यात आठ फुटी फायबरचा सॉरोपॉड. शाळेत असा कुणी बघितला नसेल. शेठ भाऊरावांची परवानगी काढली, दिवाळीनंतर मटेरियल घे म्हणाले.

आई जेवताना जान्हवीला माशाचा मधला तुकडा वाढते. जान्हवी तो बाजूला ठेवते. मी खातो, वाया जायला नको म्हणून.

१८ ऑक्टोबर.
अभ्यास सुरू. जान्हवीकडून माहिती काढली. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलीय. काहींची मान पन्नास फुटांपर्यंत, म्हणजे आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगच्या चार मजल्यांएवढी. मी विचारलं, एवढी मान पेलायची कशी? म्हणाली, मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या, पक्ष्यांच्या हाडांत असतात तशा. आणि डोकं एवढंसं, कारण चावायचंच नाही. पाला ओरबाडायचा, तसाच गिळायचा, पोट बघून घेईल. चावायचं म्हटलं की मोठे दात, मोठा जबडा, मग डोकं जड, मग मान आखूड. म्हणून तिने मानेत थर्माकोलच्या चकत्या आणि स्ट्रॉ वापरले होते. हलकी व्हावी म्हणून. मुद्दाम.

मी त्या मानेला लेचीपेची म्हणालो होतो. मनात म्हणालो होतो, तेवढं बरं.

चावायचं नाही, गिळायचं. मीही सध्या तेच करतोय. पण माझं पोट बघून घेत नाहीये, दोन दिवस ॲसिडिटी आहे.

२२ ऑक्टोबर, पाडवा.
आज सणाचा दिवस, आज नको.

आईने जान्हवीला ड्रेसला पैसे दिले. तिने थँक्यू म्हणून कपाटावर ठेवले. आई आत जाऊन उगाच डबे पुसत बसली. मला फार वाईट वाटलं. मनापासून वाटलं, हे लिहून ठेवतो. चकल्या उत्तम झाल्यात.

२७ ऑक्टोबर.
सॉरोपॉडची अंडी साधारण नारळाएवढी. एवढ्या अवाढव्य जनावराची. आपल्याकडे नर्मदेच्या बाजूला त्यांची घरटीच्या घरटी सापडलीत. बहुतेक आईबाप अंडी पुरून निघून जायचे, पिल्लांनी आपलं आपण बघायचं, असं जान्हवी म्हणाली. त्या मानाने मी बराच लक्ष घालणारा बाप आहे.

आनंदाची बातमी: तिने स्वतःहून माझ्याकडे पाव वाटी रेझिन मागितलं. प्रोजेक्टला हवंय म्हणाली. मुलगी बापाच्या कामात रस घेतेय. हार्डनर किती घालायचं, हातमोजे कसे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची, सगळं शिकवलं. तिने वहीत लिहून घेतलं. डोळे भरून आले माझे.

३० ऑक्टोबर.
गॅलरीत थर्माकोलचे पाच तुकडे, शेजारी थर्मामीटर आणि चिठ्ठी: हात लावू नये. चार दिवस तसेच आहेत. पसारा. पण मुलांना टोकू नये, म्हणून टोकलं नाही.

२ नोव्हेंबर. गाळा.
सॉरोपॉड उभा केला. पडला.

पुन्हा उभा केला. पुन्हा नाकावर. मानेत सळई घातलीय आणि वर चार थर फायबर, त्यामुळे मजबुतीचा प्रश्न नाही. धाकू बघत होता. पन्नाशीचा माणूस, आमच्यातला सगळ्यात जुना कारागीर. म्हणाला, मान जड झाली, पोकळ करा, शेपटी मागे उचलून घ्या म्हणजे तोल येईल. मी म्हणालो, मला शिकवू नकोस.

गेल्या वर्षी गणपतीत याच धाकूने घाईत थर्माकोलच्या हत्तीवर रेझिन मारलं होतं. तेव्हा मी सगळ्या गाळ्यासमोर त्याला म्हणालो होतो की हे शाळकरी पोरालाही कळतं. त्याने लगेच सांगितलं होतं, हो, माझ्याकडून झालं. वर्षभर विसरलो होतो मी हे. आज आठवलं. दिवसभर त्याच्याशी नीट बोलता आलं नाही.

५ नोव्हेंबर.
फार मोठी बातमी. जान्हवी आणि आई बोलायला लागल्या. नुसत्या बोलत नाहीत, दोघी मिळून जमिनीवर बसून वर्तमानपत्राच्या वळकट्या करतायत. नवीन मान. आई बारीक वळते, जान्हवी चिकटवते. आई विचारत होती, ह्या जनावराचे पूर्वज पण एवढेच होते काय गो? जान्हवी म्हणाली, नाही गं आजी, सुरुवातीचे बकरीएवढे, दोन पायांवर पळणारे, मग कोट्यवधी वर्षांत वाढत वाढत. आई म्हणाली, बरा झाला, आमच्या वेळी नव्हते.

म्हणजे काळ हेच औषध. मी मध्ये तोंड घातलं असतं तर उगाच चिघळलं असतं. गप्प राहण्याचा निर्णय योग्य होता.

तरी मन लागत नाही. का ते कळत नाही.

९ नोव्हेंबर.
पठ्ठ्या उभा राहिला. मानेखाली लाकडी टेकू दिलाय, टेकूला हिरवा रंग देऊन झाड म्हणता येईल. वजन चार माणसांचं. टेम्पो बोलावणार. घरी जाहीर केलं. श्वेताने विचारलं, कुणी मागितला होता? जान्हवी शांतपणे म्हणाली, बाबा, शाळेने दोन फुटांची मर्यादा दिलीय, सप्टेंबरमध्येच नोटीस दाखवली होती तुम्हाला.

दाखवली असेल.

११ नोव्हेंबर.
शेठ म्हणाले, हा राक्षस गाळ्यातून काढ, गोरेगावचा माल ठेवायला जागा नाही. धाकूने माझ्या वतीने चार दिवसांची मुदत मागून घेतली. का मागितली कोण जाणे. मी त्याला थँक्यू म्हणालो नाही. उद्या म्हणेन.

१३ नोव्हेंबर. रात्री.
उद्या प्रदर्शन. जेवणानंतर जान्हवीने प्रोजेक्टची वही पुढे केली. शेवटच्या पानावर पालकांची सही लागते. मी पेन घेतलं. सही करण्याआधी वाचायची सवय नाही मला, पण ती म्हणाली, वाचा.

‘पहिल्या मॉडेलची मान का वितळली? अंदाज: उन्हामुळे. प्रयोग एक: थर्माकोलचे पाच तुकडे गॅलरीत चार दिवस ठेवले. जास्तीत जास्त तापमान ३६. काहीही झालं नाही. प्रयोग दोन: थर्माकोलवर रेझिन लावलं. दोन मिनिटांत वितळलं. जुन्या मॉडेलच्या पोटावर ओघळून कडक झालेला चकाकणारा थर आहे, तोच थर प्रयोगातही आला. निष्कर्ष: आजीची चूक नाही. मी आजीची माफी मागितली.’

पुढे काही नव्हतं. माझं नाव तिने लिहिलं नव्हतं. खाली रेघ आणि ‘पालकांची सही’.

सही केली. सुबोधमधला बो नीट आला नाही. तिने फुंकर मारून शाई वाळवली, वही दप्तरात टाकली आणि म्हणाली, आजी जागी आहे अजून.

गेलो. आई अंथरुणावर बसून गुडघ्याला तेल लावत होती. वाक्यं तयार होती माझी: हेतू चांगला होता, वरून रंग होता, योग्य वेळ बघत होतो. म्हणालो, आई, ते माझ्याकडून झालं होतं.

म्हणाली, म्हायत हा माका, बायने सांगितल्यान. मग तेलाची बाटली बंद केली आणि विचारलं, मिया इतके दिस रडत होतंय ता तू बघत होतंस. गप कसो रवलस रे?

चिडून नाही विचारलं. खरंच तिला कळत नव्हतं.

अर्धा तास झाला इथे येऊन बसलोय. या डायरीची मागची सगळी पानं चाळली. उत्तर कुठेच लिहिलेलं नाही.