वन्सं, तुमचे भाऊ ठणठणीत आहेत

तारापूर,
रविवार, दुपार

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. (हल्ली वाकले की डोकं चमकतं, म्हणून लांबूनच.) गुडघे कसे आहेत? मासवणला थंडी जास्त, पायमोजे घालता ना? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. तुमच्या शेजारच्या भावेशने काहीही कानावर घातलं असलं, तरी आधी हे वाचा: तुमचे भाऊ ठणठणीत आहेत. समोर झोपाळ्यावर बसून चिकू खात आहेत. मुंडण मी केलंय.

झालं असं की बोईसरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. लहान मुलांच्या कॅन्सरवर संशोधन व्हावं म्हणून आपण डोकं भादरून घ्यायचं आणि ओळखीच्यांनी आपल्या नावाने देणगी द्यायची. आपल्या नातीने, मेघालीने जेवताना सहज सांगितलं. मी म्हटलं, माझंही नाव घाल. ह्यांचा घास हातातच राहिला. "मी जिवंत असताना?" "मग काय, वाट बघू?" (हे मी मनातच म्हणायला हवं होतं.) अबोला झाला. पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बघते तर स्वतःच स्कूटर पुसून दारात उभे.

न्हावी उत्तर प्रदेशचा. माझं कुंकू बघून त्याचा हात थांबला. "आंटी, अंकल हैं ना?" म्हटलं, "हैं ना, वो कोने में वडा खा रहे हैं." त्याने मान वळवून खात्री केली आणि मगच मशीन लावलं.

वन्सं, पहिली बट मांडीवर पडली आणि तुम्ही आठवलात. मी नवी नवरी, तुम्ही माहेरपणाला आलेल्या. मागच्या पडवीत मला पुढ्यात बसवून खोबरेल चोपडलंत आणि अशी घट्ट वेणी घातलीत की माझ्या भुवया वर गेल्या. (सासूबाईंना वाटलं, सून रागीट मिळाली.) दुसरी वेणी घालताना तुमचे हात मधेच थांबले. म्हणालात, "आमची धाकटी बहीण चिमी, तिचे केस असेच होते गं. इस्पितळातून आली तेव्हा एकही नव्हता. तरी रोज माझ्यापुढे येऊन बसायची, वेणी घाल म्हणून. मी हवेतच घालायचे. डॉक्टरांनाही तेव्हा फारसं काही ठाऊक नव्हतं." मग उठून विहिरीवर गेलात. तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि मला काढायचा धीर झाला नाही.

घरी आलो, तर दारात आपली सोमी मासळीची पाटी घेऊन. मला बघून पाटी खाली ठेवली आणि गळाच काढला, "बाय गो, कदी झाला? आमाला कलवला पन नाय!" तेवढ्यात हे मागून आले आणि बोंबिलांचा भाव विचारला. बिचारी अजून आमच्या गल्लीत फिरकलेली नाही.

पत्र संपवते. तब्येतीला जपा.

तुमची,
आनंदी

ता. क. माझ्यानंतर हेही त्या खुर्चीत बसले. कानामागे होतं नव्हतं ते सगळं दिलं. कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. भेटलात की तेवढं आवर्जून विचारा.

आणि वन्सं, खरं तर ह्याचसाठी लिहायला बसले. हॉलमध्ये माइकवरच्या मुलीने विचारलं, कोणाच्या स्मरणार्थ? मी "चिमी" म्हटलं. ती म्हणाली, पूर्ण नाव सांगा ना. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे तेव्हा तीन वर्षांचे, त्यांनाही ठाऊक नाही. तिचं पाळण्यातलं नाव काय होतं? आता तुमच्याशिवाय कोणाला विचारणार? तेवढंच लिहून धाडलंत तरी चालेल. फक्त मोठ्या अक्षरात लिहा. ह्यांना ते स्वतः वाचायचंय, आणि चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाहीये.