पिवळी रेघ

प्रताप नगर, जयपूर
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

चि. वैष्णवी,

आईचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग आणि निलयचा एक पापा घे. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

फोन असताना हे पत्राचं काय खूळ, असं म्हणशील. पण आपल्या घरातल्या फोनचं तुला माहीतच आहे. वाजला की तुझे बाबा आधी स्पीकर लावतात आणि मग हॅलो म्हणतात. तुझे मेसेजही तेच उघडतात आणि मला वाचून दाखवतात, जसा काही मला चष्माच नाही. पत्र तेवढं माझं एकटीचं. माझं अक्षर लागायला तुला वेळ लागेल, कारण तू मराठी वाचतेस ती शाळेतल्या हिंदीच्या वाटेनं. अडलीस तर मोठ्यानं वाच, पण निलय जवळ नसताना.

इकडे ऊन आत्ताच मी म्हणतंय. कूलरमधली वाळ्याची खस बदलून घेतली. समोरच्या कौशिकजींच्या प्रियंकाचं लग्न ठरलं, मुलगा अजमेरचा आहे, रोज कुणी ना कुणी पेढे घेऊन येतं आणि तुझे बाबा मला चुकवून दोन जास्तीचे खातात. निलयसाठी गादी पिंजून घेतली. तो मे महिन्यात येणार म्हणून यांनी त्याचा कार्यक्रमसुद्धा आखलाय. विमानतळावरून हेच आणणार, रोज सकाळी पोहायला हेच सोडणार, आणि एक दिवस आमेरचा किल्ला. हे सगळं अर्थात गाडीतून.

तर गाडीचं सांगते.

गेल्या महिन्यापासून गाडी वळवली की पुढून कटकट कटकट आवाज यायचा. सरळ चालली की गप्प. बाबांनी खाली वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "एक्सल गेला. बूट फाटलाय, ग्रीस सगळं उडालंय." एक्सल म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकापर्यंत नेणारा दांडा आणि बूट म्हणजे त्याच्या सांध्यावरची रबरी टोपी. वर्कशॉपवाल्या सुभेदाराशी संसार केला की एवढं बाईमाणसाला येतंच. नवा एक्सल ते स्वतः घेऊन आले आणि रविवारी सकाळी दारातल्या कडुनिंबाखाली पथारी मांडली.

कौशिकजी पेपर घेऊन जात होते, ते थांबले. म्हणाले, "अंकलजी, मैकेनिक को दे देते. इस गर्मी में क्यों परेशान होते हैं?"

"फौज की गाड़ियाँ खोली हैं, कौशिकजी. ये तो खिलौना है," हे म्हणाले. पान्यांचा आवाज ऐकून शेजारपाजार गोळा व्हावा अशी त्यांची मनापासून इच्छा असते, तुला ठाऊक आहे.

माझं काम तुला आठवत असेल. चाकाच्या मधोमध तो मोठा नट असतो ना, तो उघडायचा किंवा आवळायचा असेल तर चाक फिरून चालत नाही, म्हणून कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा. ते कुणीतरी म्हणजे लग्नापासून मी. मला गाडी चालवता येत नाही, पण ब्रेक दाबण्यात माझा हात कुणी धरणार नाही. बाहेरून "विजू, ब्रेक!" अशी हाक येते, मी दाबते, आणि "सोड" म्हणेपर्यंत पाय हलवत नाही. पठाणकोटच्या क्वार्टरमध्ये तू पाळण्यात होतीस तेव्हाही हे असंच चाले.

तशी रविवारी हाक आली. मी दाबला, त्यांनी नट उघडला, सोड म्हणाले, मी स्वयंपाकघरात गेले. मधूनमधून खिडकीतून बघत होते. वैष्णवी, काम पाहण्यासारखं होतं गं. चाक काढलं, तो जुना दांडा हलकेच बाहेर ओढला, गिअरचं तेल एक थेंब जमिनीवर पडू न देता खालच्या डब्यात घेतलं. हात तसेच आहेत अजून. मला अगदी बरं वाटलं, का ते पुढे लिहिते.

जेवणाच्या आधी हात पुसत आत आले. "झाली गाडी. चहा टाक. चहा घेतो आणि सांगानेरपर्यंत एक चक्कर मारून येतो."

मी चहा टाकला. गाळणी हातात असताना माझ्या लक्षात आलं की मला दुसरी हाक आलीच नाही. उघडताना ब्रेक दाबला होता. आवळताना मी घरात होते.

मी म्हटलं, "अहो, नट आवळताना मला बोलावलं नाहीत."

"बोलावलं की. तू येऊन दाबलास."

"ते सकाळी. उघडताना."

"दोन्ही वेळा, विजू. मला काय वेड लागलंय?"

आणि माझा दंड धरून बाहेर घेऊन गेले. चाकाच्या मधल्या भोकातून नट दिसत होता आणि त्याच्यावरून कडेपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढलेली होती. त्यांच्या वर्कशॉपातली पद्धत आहे ही. ज्यानं नट पूर्ण आवळला त्यानंच ती रेघ ओढायची. ती दिसली की काम पक्कं, मग मोठा साहेबसुद्धा तिथे पाना लावून बघत नाही. निवृत्त होऊन घरी आल्यावरही त्यांनी ही सवय सोडली नाही. गॅसच्या नळीवर, टाकीच्या जोडावर, सगळीकडे पिवळी रेघ. आजवर त्या रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवत आले मी.

"ही रेघ काय आपोआप उमटली?" हे ओरडले. समोर कौशिकजींच्या गच्चीत माणसं होती.

वाद घालून मी यांच्याशी कधी जिंकलेले नाही, आणि गाडीच्या बाबतीत तर नाहीच. किल्ली त्यांच्या हातात होती. मी दार उघडलं, आत जाऊन त्यांच्या सीटवर बसले आणि ब्रेक दाबला.

"मी दाबलाय. आता तुम्ही पाना लावा. नाही फिरला तर मी कौशिकजींच्या देखत तुमची माफी मागेन."

पाना आणला त्यांनी, फक्त मला खोटं पाडायला. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. त्यांनी पाना लावून नुसता हात टेकवला आणि नट फिरला. जोर न लावता फिरला, परत लावला, परत फिरला. नुसता हातानं बसवलेला होता तो नट. नटावरचा पिवळा तुकडा एकीकडे गेला आणि कडेवरचा जागच्या जागी राहिला.

त्यांनी अंगातला सगळा जोर काढून नट आवळला. "सोड" म्हणाले नाहीत, मीच शेवटी पाय काढला. बाहेर आले तर हे टायरला टेकून मातीत बसले होते.

म्हणाले, "विजू, मी ब्रेक म्हणून ओरडलो ते मला स्पष्ट आठवतंय. तू पदर खोचत आलीस, तेसुद्धा आठवतंय."

वैष्णवी, मी फार घाबरले. विसरतात माणसं, मीही विसरते. दूध उतू घालवते, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. पण जे झालंच नाही ते यांना माझ्या पदरासकट आठवत होतं. आणि त्या आठवणीच्या भरवशावर चाक निखळेल अशी गाडी घेऊन हे निघाले होते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. हे काही रविवारीच सुरू झालेलं नाही. दिवाळीनंतर एकदा आमेरहून येताना, ज्या चौकातून आपण कायम येतो त्या चौकात यांनी गाडी थांबवली आणि मला विचारलं, इथून कुठे. मागून हॉर्नचा कल्लोळ. मी गंमत समजून हसले. संक्रांतीला स्कूटर दुकानापाशी ठेवून पायी घरी आले आणि संध्याकाळी ती चोरीला गेली म्हणून चौकीला निघाले होते. तू दर रविवारी विचारतेस, बाबा ठीक ना, आणि मी ठीक म्हणते. एक तर स्पीकर चालू असतो. दुसरं म्हणजे, मी एकदा बोलले की ते खरं होईल अशी मला भीती वाटत होती. म्हणून परवा त्यांचे हात तसेच चालताना पाहून मला एवढं बरं वाटलं होतं.

खरं तर तुला असं लिहिणार होते की यंदा ऊन फार आहे, पाण्याची ओढ आहे, निलयला पुढच्या वर्षी पाठव. तीनचार ओळी तशा लिहिल्याही होत्या. पण मग तू म्हणाली असतीस, कूलर आहे ना, आणि पाठवला असतास. म्हणून सरळ लिहिते. निलयला पाठवू नकोस. त्याला यांच्या गाडीत बसवून मी खिडकीत वाट बघत उभी राहू शकणार नाही. हे वाक्य लिहिताना मला काय होतंय ते तुला मुलगा आहे म्हणून कळेल. नातवाची त्यांनी किती वाट पाहिलीय आणि ती मोडायला मी बसलेय.

पाठवण्याऐवजी तू ये. एकटी ये. डॉक्टरकडे यांना न्यायचं म्हणजे माझ्या एकटीच्यानं होणार नाही, मला ते "तुझं ब्लडप्रेशर बघून घे" म्हणून उडवून लावतात. तुझं ऐकतील.

हे सगळं त्यांच्या पाठीमागे लिहून गुपचूप टाकायचं असं ठरवून बसले होते. ते दुपारचे पडलेत, पोस्ट ऑफिस उघडं आहे, मागच्या गल्लीतल्या शर्वरीच्या घरी जाते सांगून जाता आलं असतं. पण लिहून झाल्यावर ते मला जमत नाही. ज्या माणसाशी मी भाजीच्या मिठावरूनही तोंडावर भांडत आले, त्याच्याबद्दल असं चोरून बोलायचं म्हणजे ते घरात नाहीतच असं धरून चालण्यासारखं आहे. ते अजून आहेत. उठले की हे त्यांच्याच हातात देणार. रागावतील. वाचून त्यांनी पोस्टात टाकलं तर टाकलं, फाडलं तर मी पुन्हा लिहीन.

तुझी,
आई

वैष्णवी,

वाचले. दोनदा वाचले. आईने लिहिले आहे की चाक निखळेल अशी गाडी. लगेच निखळत नाही, आधी बेअरिंग जाते. बाकी सर्व बरोबर आहे.

डॉक्टरकडे जायला तयार आहे. तुझी वाट पाहत नाही, आईबरोबर याच आठवड्यात जातो.

निलयला पाठव. तू घेऊन ये आणि त्याला इथे ठेव. त्याला मी बसने फिरवीन, आई बरोबर असेल.

गाडीची किल्ली आजपासून आईकडे आहे. मी ती पुढेमागे मागेन. मला माझा स्वभाव माहीत आहे, मी रागावून मागेन. कदाचित असेही म्हणेन की मी कधी दिलीच नव्हती, हिने लपवली. तेव्हा माझे ऐकायचे नाही. दोघींनी मिळून नाही म्हणायचे. आईला एकटीला हे करायला लावू नकोस.

आज डोके स्वच्छ आहे म्हणून आज लिहून ठेवतो. हे पत्र जपून ठेव, आणि वेळ येईल तेव्हा मला काढून दाखव. मी म्हणेन हे मी लिहिलेले नाही. तरी हातात दे. अक्षर मी ओळखीन.

तुझे बाबा,
उत्तमराव