तुझ्याकडचा ह्यांचा कप

प्रिय खिडकीताई,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर मी सांगायला लागले की तू ‘बरं बरं, होईल सगळं’ म्हणून मला गप्प करतेस. म्हणून लिहायलाच बसले.

मुलाचं घर मोठं आहे गं. मागेपुढे बाग आणि चहूबाजूंनी माझ्या डोक्याच्याही वर जाणारी भिंत. सूनबाई गुणाची आहे, मुलगा तर आम्हाला तळहाताच्या फोडासारखं जपतो. पण दोघं सकाळी गाडीतून निघाले की दिवेलागणीपर्यंत घरात माणसाचा आवाज नाही. शेजारी कोण राहतं विचारशील, तर मी त्यांच्या गाडीचा रंग तेवढा सांगू शकेन.

आपली आठ घरं ज्याने आखली त्याच्या नावाने आपण किती बोटं मोडली! गाड्या पार कोपऱ्यावर ठेवायच्या, तिथून भाजीच्या पिशव्या ओढत आणायच्या. आणि सगळ्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या खिडक्या मधल्या अंगणाकडे, म्हणजे कुणाचं दूध उतू गेलं तेही गुपित नाही. तुझ्या डोळ्यांना वैतागून मी जाड पडदा लावला होता, आठवतं? हे विसरायला लागले तेव्हा तो मीच काढला. हे उठून कुणाच्याही दारात शिरायचे आणि कुणीतरी भांडी घासता घासता मला हाक द्यायचं, की इकडे आहेत, येतील सावकाश. बहुतेकदा तूच. तुझ्याकडे तर ह्यांचा कपच वेगळा होता.

इथे गेल्या आठवड्यात फाटक उघडं राहिलं. हे समोरच्या बंगल्यात शिरले, खुर्ची ओढून बसले आणि चहा मागितला. घरात तान्ह्या बाळाला घेऊन बाई एकटी होती. ती घाबरली, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पहारेकऱ्यांनी ह्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. वळ अजून आहेत. मुलगा ते बघून रडला, आणि मग त्याने फाटकाला कुलूप लावलं. आता हे दिवसभर गज धरून उभे असतात. काल मला हळूच म्हणाले, “आपण काय केलं गं?”

आपल्या घराला गिऱ्हाईक आलंय. मुलगा सही मागतोय आणि मी काही ना काही सांगून टाळतेय, कारण मला परत यायचंय. पण ताई, हे आता तू पाहिलेले राहिले नाहीत. ओरडतात, कधी अंगावरच्या कपड्यांचंही भान नसतं. मी ह्यांना घेऊन आले तर हे ओझं माझ्या एकटीचं राहणार नाही, उरलेल्या सात घरांवर पडेल. म्हणून सगळ्यांना विचार, आणि कुणाला भिडेखातर हो म्हणायला लावू नकोस. जमणार नसेल तर स्पष्ट लिही, मी रडेन पण रागावणार नाही. जमणार असेल तर जास्त काही लिहूच नकोस. ह्यांचा कप अजून तुझ्याकडे आहे, एवढंच कळव.

तुझीच,
समोरची