येत्या रविवारची साक्ष

कोल्हापूर, १२ मार्च १९९८

आदरणीय पाळकसाहेब,

माझे यजमान गेले तेव्हा मी उशाशी पवित्र शास्त्र वाचत होते, असं तुम्ही मंडळीत सांगता. रविवारी मला तशी साक्ष द्यायची आहे.

माझ्या हातात वाचनालयातली रहस्यकथा होती. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकलेली मी, हातात आलेलं पुस्तक सुटत नाही.

"सगुणा, एक स्तोत्र वाच की," ते म्हणाले.

"एवढं पान संपू द्या."

मी पुढचंही पान वाचलं. वर बघितलं तर ते गेले होते. तुम्ही आलात तेव्हा मी शास्त्र उघडून बसले होते.

हे पत्र पाठवलं तर तुम्ही मला प्रामाणिक म्हणाल, आणि मला ते कौतुकही आवडेल. म्हणून पाठवत नाही. रविवारी तुम्ही सांगता तेच सांगेन.

तुमच्या मंडळीतली,
सगुणा