कमळाबाईचं पाचवं पान

दापोडे,
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

निशा बाय, तुला आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे जागेवर आहेत, फक्त माझं ऐकत नाहीत. मामीने काल वालाचं बिरडं केलं नि मीठ विसरली. मी दोनदा मागून घेतलं, म्हणजे तिला कळू नये. हॉस्टेलात तुझे गाल बसले असतील.

हे पत्र शुभदाबाई लिहितायत. शाळेतून रिटायर झाल्या, पण माझं बोलणं सुधारायची खोड गेली नाही. लिहून झालं की मोबाइलवर फोटो काढून तुला धाडतील. फोनच का नाही केला, विचारशील. फोनवर मी हसते आणि तू फसतेस.

दिवाळीत तू कॉलेजच्या कामासाठी माझी मुलाखत घेतलीस. एक प्रश्न विचारायचीस आणि अर्धा तास गप्प बसायचीस. एवढं ऐकणारं माणूस मला जन्मात भेटलं नव्हतं, जीभ सैल सुटली. तू माझं नाव बदलून कमळाबाई केलंस. कोणाला कळणार नाही म्हणालीस. मग तुमच्या बाईंनी सांगितलं, जिची मुलाखत तिला वाचून दाखवा, चुकलं असेल तर विचारा. तर तू ती पानं कोणाला पाठवलीस? जीवनमामाला. मला वाचता येत नाही म्हणून. शहाणी माझी नात.

गेल्या रविवारी त्याने चार पानं मोठ्याने वाचली. "आये, ही कमळाबाय तर तुझ्यासारकीच बोलतं गो," म्हणाला. मी म्हटलं, गावच्या सगळ्या म्हाताऱ्या अशाच. तो खूप हसला. पाचवं पान उद्या, जेवणानंतर.

पाचव्यावर काय आहे ते तूच फोनवर सांगितलंस. तेच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणालीस.

म्हणून काल रात्री मी गठ्ठ्यातून गुपचूप पान काढलं. वरून मोजून पाचवं. पण वाचलेली पानं त्याने खाली घातली होती, ते मला काय ठाऊक. शुभदाबाईंनी आत्ता वाचलं, त्यात नुसतं बोंबील वाळवण्याचं आहे. आणि सकाळी एक पान कमी दिसलं म्हणून मामाने गठ्ठा कपाटात घालून चावी नेली. "तुझं पान हरवाया नको, आये."

त्याचा जीव आहे माझ्यावर, हे लिही म्हटलं शुभदाबाईंना. गणपतीत मी गॅस चालू ठेवून झोपले, दूध जळालं, घरभर धूर. तेव्हापासून दोघं मानकोलीला ड्युटीवर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतात. आठ ते सहा. मी कुठे जाऊन पडू नये म्हणून. शुभदाबाई हे खिडकीबाहेर उभ्या राहून लिहितायत. त्यांना आत या म्हणता येत नाही.

शेजारच्या गोदामात केमिकलची निळी पिंपं आहेत. दुपारी वास येतो. पलीकडच्या आळीतलं गोदाम पेटलं तेव्हा तीन दिवस धूर होता. वास आला की मी दाराशी जाऊन बसते. दार उघडत नाही हे ठाऊक असतं, तरी बसते. मामाला हे सांगितलेलं नाही. पाचव्या पानावर सांगितलंय.

मामा रागावून काय करेल? मारायचा नाही. बोलायचा बंद होईल. या घरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच.

हे पत्र सुरू केलं ते, बाय, मामाकडून ते पान मागून घे नि फाडून टाक, असं सांगायला. शुभदाबाईंनी तसं वर लिहिलंही होतं, खोडायला लावलं मी. फाडलंस तर सोमवारी सकाळी आठला पुन्हा कुलूप लागेल, आणि मग मी कोणाला सांगू?

उद्या पहिल्या गाडीने ये. मामाला वाचू देऊ नकोस, पाचवं पान तू वाच. सावकाश वाच, त्याच्यासमोर. मी तुझ्या शेजारी बसेन. मध्येच मी काही गमतीचं बोलले, तर थांबू नकोस.

मला फार भीती वाटते, निशा.

सहीसाठी हात गजांतून बाहेर काढून दिलाय. शुभदाबाईंनी पेनची शाई लावली. खालचा अंगठा

कमळाबाईचा नव्हे, तुझ्या आजीचा, धोंडूबाईचा.