फुटक्या जात्याचा दगड अन् सैपाकाचं छप्पर

माय, तुले जाऊन किती पावसाळे झाले मले मोजता येत नाही, पण काल तुही लय आठवण आली अन् हसूबी आलं. थोरल्या नातीच्या पाटीवर बोट फिरवत म्हातारपणी अक्षरं शिकली मी, तवा वेलांट्या इकडच्या तिकडं झाल्या तं रागावू नको. रागावण्यात तू पटाईत होती. लढाईपायी रॉकेल मिळत नाही, म्हणून दिवसाउजेडीच लिहून राह्यली.

तुह्या सैपाकाच्या सपरीचं मले अजून नवल वाटते. गवताचं छप्पर वरून घराच्या भिंतीले एका लाकडी खुटीवर अडकवलेलं, अन् खालून, अंगणाच्या बाजूनं, अंबाडीच्या दोराले फुटक्या जात्याचा दगड टांगलेला. चैतातलं वारं शेजारणीचं छप्पर वावरात नेऊन टाके, आपलं हालत नसे. दगड धरून ठेवे. अन् आग लागली तं खुटी उपसायची, की तोच दगड जळतं छप्पर ओढून अंगणात पाडणार, घर सुटं. वाऱ्यासाठी छप्पर घट्ट पायजे, आगीसाठी सैल. दोघांचं भांडण तू फुटक्या जात्यानं मिटवलं. पण तुले आधी सुचलं काय, वारं का आग? का जातं टाकून देववेना म्हणून टांगलं? एकदा विचारलं तं तू म्हणे, "भाकर करपून राह्यली, थे पाय आधी."

त्या दगडावर बसून मी झोका घेई, अन् तू फुंकणी घेऊन धावे. "उतर कार्टे! छप्पर अंगावर घेशीन!" अन् होळी झाली की तूच दोन्ही हातानं दोराले लोंबकळे, पाय वर करून. मले वाटे, पाह्य बरं, माय सोता झोके घेते अन् मले हाणते!

सासरी, इथं किन्हीराजाले, मीबी तसंच छप्पर करून घेतलं. माहा पोरगा म्हणे, "माय, हा धोंडा काढ. पाहुणे हासतात. तारेनं आवळून देतो, हालनार नाही."

"हालनार नाही थेच तं वाईट," मी म्हटलं. "हासू दे पाहुण्याले."

यंदा चैतात चुलीतल्या कपाशीच्या पऱ्हाटीची ठिणगी उडाली अन् छप्पर पेटलं. वारं घराकडचं, अन् घरात पाळण्यात धाकटी नात. सून ओरडते, "आत्याबाई, खुटी कोणती?"

"अवं, जिच्यावर तू चाळणी टांगतं थे!"

तिनं चाळणीसकट उपसली. धाडकन् छप्पर अंगणात. कोंबड्या गावभर, पण घराचा एक वासाबी काळा झाला नाही. नात झोपलेलीच. पोरगा वावरातून धावत आला. राख निवल्यावर त्यानं दगड हुडकला, धुतला. अन् नवं छप्पर घातलं तवा हळूच विचारते, "माय, दोर केवढा ठेवू?"

आता हा कागद धाडू कुठं? तुह्याकडं डाकवाला जात नाही. छपरातच खोचून ठेवते. आग लागली तं कागद धूर होऊन तुह्याकडं येईन, वारं सुटलं तं उडून येईन. दगडानं धरून ठेवलं तं राह्यला इथंच.

नवा दोर पक्का हाय का म्हणून काल मीबी लोंबकळून पाह्यलं. पारख तं लगेच झाली. पण अंगणात कोणी नव्हतं, मंग जरा वेळ उतरलीच नाही. माय, खरं सांग, तूबी नुसती पारखच करत होती काय?