गल्लीतला संशयित इसम

७ सप्टेंबर २००८, रविवार
आजपासून रोजनिशी. जबाबदारी आली आहे, आणि जबाबदार माणसाचे लेखी असलेले बरे.

सकाळी पार्कातल्या सामुदायिक केंद्रात मोहल्ला सुरक्षा समितीची सभा झाली. मे महिन्यात परकोट्यात, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, स्फोट झाले, तेव्हापासून ठाण्याचा हुकूम आहे की प्रत्येक भाडेकरू, नोकर, नवीन माणूस यांची फोटोसकट नोंद पाहिजे. चार महिने झाले. प्रताप नगरला जाग आता येते आहे. आमच्या गल्लीत अठ्ठेचाळीस घरे, सभेला माणसे नऊ, त्यातली चार कचोरी खाऊन गेली. संयोजक खंडेलवालजी (किराणा दुकान, अक्कलही तेवढीच) यांनी विचारले, घरोघर जाऊन कुणाचा अर्ज राहिला ते बघायला दिवसा कुणाला वेळ आहे? माझा हात वर गेला. सूनबाई अलका म्हणते, मामंजी, तुम्ही पंखा लावा म्हणून हात वर केला होतात. असेल. पण हात माझाच होता.

पाच ऑक्टोबरला ठाणेदारसाहेबांच्या हस्ते फोटोचे ओळखपत्र मिळणार. गळ्यात अडकवायचे. जकात नाक्यावर सत्तावीस वर्षे काढली, गळ्यात अडकवण्यासारखे कुणी काही दिले नाही.

८ सप्टेंबर, सोमवार
फोटो काढला. तीन प्रती. विनय (माझा मुलगा, बँकेत ऑफिसर, बदलीवर इथे) एक मागत होता. म्हणे, नाना, तुमचाही अर्ज भरून टाकू. दिली नाही. ओळखपत्राला एक, एक जादा आणि एक त्याच्याही पलीकडे जादा.

संकल्प: रोज पाच घरे. दहा दिवसांत गल्ली खलास.

९.३० ते १२: एक घर.

विनय म्हणतो, यादीत नावापुढे खूण करायची, बस. बँकवाल्यांना खूण तेवढी कळते. मी टायर बघून सांगायचो की ट्रकात गूळ आहे की लोखंड. हुद्दा शिपायाचा होता, शिक्षण सातवीत थांबले, कबूल. पण नाक्याचा दांडा वर करायचा की नाही, ते माझ्या हातात होते.

११ सप्टेंबर
घरात बसून काही कळत नाही. चहा देतात आणि खोटे बोलतात. नवी पद्धत: सकाळी सहाला निघायचे. वही, पेन, डोक्यावर टोपी. फाटकातून बघायचे.

घर २२: माणसे चार, दाराशी चपला सहा जोड. बाकीचे दोघे कोण?
घर २६: तिघांना तीन लिटर दूध. संशयास्पद.
घर ३०: स्कूटरचा नंबर घेतला. मालक गॅलरीत येऊन बघत राहिला. मी मान डोलावली. त्याने डोलावली नाही. इथल्या लोकांना रीत नाही.

१३ सप्टेंबर
कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला छीतरमल. गेल्या गेल्या कागद मागितले. मला खात्री होती की नसणार. त्याने ठेल्याखालून प्लास्टिकची पिशवी काढली. अर्ज, फोटो, ठाण्याचा शिक्का, सगळे. वर घडी न पडलेले. मला जरा वाईट वाटले.

त्याने विचारले, बाबूजी, तुमचे झाले का? अधिकाऱ्याने अशा प्रश्नाला उत्तर द्यायचे नसते.

१५ सप्टेंबर
घर १७, वरचा मजला. सीकरकडून कोचिंगसाठी आलेल्या दोन मुली. त्यांना वडिलांचे, आजोबांचे आणि गावच्या सरपंचांचे नाव विचारले. दुसरी सरपंचाच्या नावाला अडखळली. वहीत नोंद.

संध्याकाळी खंडेलवालजी घरी आले. फार आडवळणाने बोलत होते. सार असे की काम चांगले चालले आहे, पण थोडे कमी चालावे. दुकानदार माणूस, वजनाच्या पलीकडे त्याला समजत नाही.

घरे झाली: अकरा. संकल्पात बदल: रोज पाच ऐवजी रोज खोलवर.

१८ सप्टेंबर, गुरुवार
महत्त्वाचे. बीट कॉन्स्टेबल गोदारा सगळ्या घरी सांगून गेला. गल्लीत एक संशयित इसम फिरतो. गेल्या आठवड्यापासून ठाण्यात तक्रारी येत आहेत. वर्णन: वय सत्तरच्या आसपास, पांढरा पायजमा, टोपी, हातात वही. सकाळी सहाला फिरतो. फाटकातून आत बघतो, गाड्यांचे नंबर लिहून घेतो. ठाण्याच्या यादीत त्याची नोंद नाही.

मी सुन्न झालो. माझ्या हद्दीत. माझ्याच वेळेला.

माझी नात अनुया म्हणाली, आजोबा, मतलब तो अगदी तुमच्यासारखाच दिसतो? मी म्हणालो, त्यातच त्याची हुशारी आहे. मला लोक ओळखतात, त्याचा फायदा घेतो आहे. ती दप्तरात तोंड घालून खोकत राहिली. हिंदी शाळांत आरोग्याकडे लक्ष नाही.

संकल्प: पाच ऑक्टोबरच्या आत त्याला पकडायचे. ओळखपत्र मग नुसते मिळणार नाही, टाळ्यांसकट मिळेल.

१९ सप्टेंबर
सहा ते आठ. सापडला नाही.

२० सप्टेंबर
पावणेसहा ते सव्वाआठ. सापडला नाही. घर ३० चा मालक म्हणाला की तो आत्ता पाच मिनिटांपूर्वी इथेच होता. मीही पाच मिनिटांपूर्वी तिथेच होतो. चुकामूक.

२२ सप्टेंबर
विचार केला. लोक गोंधळत असतील तर दोष वेषाचा. टोपी ठेवून दिली. विनयची माकडटोपी घातली. ऑक्टोबर नाही उजाडला, घाम फुटला, पण कर्तव्य.

२४ सप्टेंबर
गोदारा भेटला. नवीन बातमी: इसमाने वेष बदलला आहे. आता माकडटोपीत फिरतो. मी म्हणालो, बघा, आतले कुणीतरी त्याला खबर देते. गोदारा माझ्या डोक्याकडे बघत होता. हे असले पोलीस. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावे, एवढे शिकवत नाहीत.

२६ सप्टेंबर
अंगात कणकण. तरी गेलो. घर ४१ च्या भिंतीआड पाऊण तास बसलो. कोणी आले नाही. तो माणूस निव्वळ भित्रा आहे.

२८ सप्टेंबर, रविवार
सहा वाजून दहा मिनिटे. घर ४१ ची भिंत. गोदारा आणि घर ३० चा मालक समोरून आले. गोदाराने विचारले, बाबूजी, आप यहाँ कर क्या रहे हो? मी सांगितले की मी त्याच इसमाला शोधतो आहे. तो म्हणाला, "मैं भी. मिल गया, बाबूजी."

मी मागे वळून बघितले. मागे भिंत होती.

चौकीत बाकावर बसवले. चहा दिला. तो घेतला, कारण घेतला नाही तर संशय वाढतो. कागद मागितले. माझ्याकडे वही होती. ती गोदाराने वाचायला घेतली, पण मराठी. चपला सहा जोड, हे त्याने दोनदा वाचले.

विनय आला. नमस्कार वगैरे करून त्याने सांगितले की दीड वर्षापूर्वी घर भाड्याने घेताना अर्ज भरला तेव्हा नाना गावी होते. यादीत तिघांचीच नावे. फोटो तीनदा मागितला, त्यांनी दिला नाही. मुलाने बापाबद्दल चौकीत असे बोलावे, तेही खरे. आमच्या काळी नव्हते.

निकाल: सगळ्या गल्लीत सत्यापन न झालेला मनुष्य एकच. नवा अर्ज भरायचा, फोटो द्यायचा, आणि मला ओळखणाऱ्या गल्लीतल्या दोन घरमालकांच्या सह्या आणायच्या. त्याशिवाय ओळखपत्र नाही.

दोन सह्या. अठ्ठेचाळीस घरे. सह्यांना जागा पुरणार नाही.

३० सप्टेंबर
आमचे घरमालक राहतात कोटा शहरात. बाद. छीतरमल अंगठा द्यायला तयार, पण त्याला घर नाही. बाद.
घर ३०: दार उघडून पुन्हा लावले.
घर २२: नवरा म्हणाला, बाबूजी, आपको देखा बहुत है. जानते नहीं. त्यांच्या घरी मी तासभर बसलो होतो. त्यांच्या मेव्हण्याचा रक्तगट मला माहीत आहे.

२ ऑक्टोबर
घर १७, खालचे मालक. ते चांगले बोलले, पेनही काढले. मग विचारले, "आपका शुभ नाम?"

मी सांगितले. त्यांनी पेन परत खिशात ठेवले. म्हणाले, नावसुद्धा आज कळले, सही कशी करू?

घरी येऊन वही चाळली. एकशे बारा नावे आहेत. माझे विचारले असे कुणी नाही.

३ ऑक्टोबर
खंडेलवालजींनी सही केली. अट एक: यापुढे गल्लीचे काम करायचे नाही. मी विचार करायला वेळ मागितला. त्यांनी पेनाचे टोपण लावायला घेतले. मी कबूल झालो. अजून एक सही.

४ ऑक्टोबर
अलका म्हणाली, मामंजी, द्या इकडे. अर्ज घेऊन गेली. मला बाहेर पडू नका म्हणाली. अर्ध्या तासात सही घेऊन आली. घर ४१, मिसेस भटनागर, निवृत्त शिक्षिका. कधी बोललो नाही यांच्याशी.

अर्ज वाचला. "आप इन्हें कैसे जानते हैं" या रकान्यात मास्तरीण बाईंनी दोन ओळींच्या जागेत सात ओळी लिहिल्या आहेत. सकाळी सहाला निघतात. डावा पाय जरा ओढतात. पाण्याच्या टाकीपाशी दम खातात. स्वतःशी आपल्या भाषेत बोलतात, बहुतेक कुणावर तरी रागावलेले असतात. कुत्र्याला बिस्किट घालतात आणि कुणी बघितले का ते बघतात. कधीपासून ओळखता: ११ सितम्बर, प्रातः ६ बजकर ५ मिनट से.

तक्रारी कुणी केल्या होत्या ते कळले.

५ ऑक्टोबर, रविवार
सभा. कचोरी होती, त्यामुळे माणसे चाळीस. ठाणेदारसाहेब म्हणाले, एवढे बारीक वर्णन त्यांच्या शिपायांनाही जमत नाही. टाळ्या झाल्या. ओळखपत्र मिसेस भटनागरना दिले. गळ्यात अडकवायचे. मला शिक्क्याची पावती मिळाली. ती घडी करून खिशात ठेवायची असते.

६ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी फिरायला गेलो नाही. पाय दुखतो.

नऊ वाजता बेल. मिसेस भटनागर, गळ्यात ओळखपत्र, हातात समितीचे रजिस्टर. अलका पुढे गेली. घरात किती माणसे? चार. मी मागून सांगितले की रजिस्टरचे रकाने मी आखले होते. त्या म्हणाल्या, हो, वाकडे होते, मी नवे आखले. चहा विचारला. ड्यूटीवर घेत नाही म्हणाल्या. योग्य आहे. मी तो नियम केलाच नव्हता.

विनयचे नाव, अलकाचे नाव, अनुयाचे नाव, प्रत्येकाचे स्पेलिंगसकट विचारून घेतले. मी उठून उभा राहिलो, घसा साफ केला.

हिंदुराव, त्यांनी न विचारता लिहिले आणि पुढच्या घरी गेल्या.